समुद्रातल्या बोयांचा आणि माझ्या पेरणीचा संबंध काय?

उदगीरकर
नमस्कार मंडळी. आमची साडेसात एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन आणि तूर. 2023 च्या ऑगस्टात काय झालं ते मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको. सोयाबीन फुलात होतं आणि आभाळ रोज दुपारी भरून यायचं, संध्याकाळी रिकामं. भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जायचा. वाळलेली फुलं सरीत पडलेली, चालताना पायाखाली चुरचुरायची. तेव्हापासून मी अंदाज फार बारकाईने वाचतो.

परवा वाचनात आलं की पावसाचा अंदाज सुधारावा म्हणून हिंदी महासागरात यंत्रं सोडतात, बोये (तरंगती मोजयंत्रं) नांगरून ठेवतात, त्यासाठी जहाजं महिना महिना फिरतात. माझ्या बांधापासून पश्चिमेचा समुद्र चारशे किलोमीटर, पूर्वेचा त्याहून लांब. टोमणा नाही, खरंच विचारतोय: पाण्याखाली हजार-दोन हजार मीटरवर किती गारवा आहे हे मोजून उदगीरच्या माणसाला काय कळणार? जाणकारांनी समजेल असं सांगा.

भौतिकीमास्तर
दादा, प्रश्न एकदम मुळाचा आहे. चुलीवरचा तवा आणि न्हाणीघरातला बंब आठवा. तवा झटकन तापतो, खाली उतरवला की निवतो. बंबातलं पाणी तापायला वेळ घेतं, पण विस्तव विझल्यावरही कितीतरी वेळ ऊन राहतं. हवा म्हणजे तवा, समुद्र म्हणजे बंब. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, तेवढी वरच्या सगळ्या वातावरणात मिळून मावते. आणि समुद्र सरासरी पावणेचार किलोमीटर खोल आहे!

म्हणून हवेची आठवण आठ-दहा दिवसांची आणि समुद्राची महिनोन् महिन्यांची. उद्याचा पाऊस सांगायला आजची हवा पुष्कळ. पण एप्रिलमध्ये बसून ऑगस्टबद्दल काही बोलायचं तर विचारावं लागतं समुद्रालाच. माणसाने कोळसा-तेल जाळून जी जादा उष्णता साठवली, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा समुद्रानेच पोटात घेतलाय. हा हिशेब फक्त पृष्ठभाग मोजून लागत नाही. खाली उतरावं लागतं.

सांजवात
वाचतेय. बंबाचं उदाहरण वर्गात वापरणार, सर.

दोनापावला
मी गोव्यात असतो. संशोधन जहाजांवरच्या चार मोहिमांत तंत्रज्ञ म्हणून गेलोय, तेव्हा यंत्राबद्दल मी सांगतो.

आर्गो फ्लोट म्हणजे माणसाच्या उंचीचा, वीस-पंचवीस किलोचा धातूचा नळा, डोक्यावर अँटेना. त्याला पंखा नाही, सुकाणू नाही. पोटात थोडं तेल आणि बाहेर एक रबरी पिशवी. तेल पिशवीत ढकललं की आकारमान वाढतं, फ्लोट वर येतो. तेल आत घेतलं की बुडतो. हजार मीटरवर नऊ-एक दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहतो, मग दोन हजार मीटरपर्यंत खाली जातो आणि वर येताना तापमान, क्षारता (पाण्याचा खारेपणा) आणि दाब मोजतो. पृष्ठभागावर आला की उपग्रहाला सगळं सांगतो आणि पुन्हा बुडी. दर दहा दिवसांनी एक फेरी, बॅटरी आहे तोवर. चार-पाच वर्षं सहज जातात.

पहिल्यांदा मी सोडला तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते, बंगालच्या उपसागरात. सेन्सरवरची बुचं काढली की नाही हे आमच्या प्रमुखांनी मला तीनदा विचारलं. बूच राहिलं तर चार वर्षं तो फ्लोट आंधळाच फिरणार. फ्लोट चालू करायला त्याच्यावरचा चुंबक काढला, कान लावला, आतला पंप घुरघुरला. मग दोरीने हळूहळू पाण्यात. लाटेवर दोन-चारदा मान डोलावली त्याने आणि गेला.

जगात असे चार हजारांच्या आसपास फ्लोट फिरताहेत. 2007 च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा तीन हजारांचा आकडा गाठला. भारत 2002 पासून यात आहे, हैदराबादची इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) ते काम बघते. आणि सगळी माहिती चोवीस तासांच्या आत जगात कुणालाही फुकट. उदगीरकर, तुम्हालासुद्धा.

जुनाखलाशी
वा, पंपाचा आवाज वाचून बरं वाटलं! आमच्या काळी फ्लोट नव्हते. मी मर्चंट नेव्हीत चौतीस वर्षं काढली. व्यापारी जहाजं स्वेच्छेने हवामानाच्या नोंदी पाठवतात, हे फार जणांना माहीत नसतं. दर सहा तासांनी वारा, दाब, ढग, लाटा आणि समुद्राचं तापमान. ही रीत 1853 च्या ब्रसेल्सच्या परिषदेपासूनची. कॅडेट असताना माझ्याकडे बादली होती. कॅनव्हासची बादली दोरीने खाली सोडायची, पाणी भरून वर ओढायची आणि लगेच थर्मामीटर बुडवायचा. "लगेच" हे महत्त्वाचं. वाऱ्यात दोन मिनिटं धरून उभा राहिलात की बाष्पीभवनाने पाणी गार होतं, माठासारखं. उलट इंजिनरूममध्ये ओढून घेतलेलं पाणी किंचित गरम दाखवतं. जुन्या नोंदी वापरताना शास्त्रज्ञांना आजही पाहावं लागतं की कुठल्या जहाजाने कशाने मोजलं.

पुढे एक्सबीटी आलं. पिस्तुलासारखं हातात धरायचं यंत्र, त्यातून टॉर्पेडोच्या आकाराचा छोटा सेन्सर पाण्यात सोडायचा. त्याच्या मागे केसाइतकी बारीक तांब्याची तार उलगडत जाते. जहाज चालूच. तार संपली की तुटते, तोवर कागदावर खालपर्यंतच्या तापमानाची रेघ उमटलेली असते. अरबी समुद्रात मे महिन्यात ती रेघ आधी सरळ आणि मग एकदम कोसळलेली. वरचा गरम थर आणि खालचा गारवा यांची सीमा डोळ्यांनी बघितल्यासारखी वाटायची.

पेठेतला
सगळं रोचक आहे, पण मूळ प्रश्नावर बोलू या. 2002 ला देशाच्या पावसाचा अंदाज सरासरीच्या 101 टक्क्यांचा होता, झाला 81. 2009 ला एप्रिलमध्ये 96 सांगितलं, झाला 78. ज्यांनी त्या भरवशावर पेरलं त्यांना फ्लोटचं कौतुक कसं सांगणार? माझं मत स्पष्ट आहे: तोच पैसा जमिनीवर घाला. गावोगाव पर्जन्यमापक, चांगली रडार, तालुक्याचा अंदाज. शेतकऱ्याला देशाची सरासरी नको, त्याच्या मंडळाचा पाऊस हवा.

रानवारा
पेठेतला, +१. सरासरी खाऊन पोट भरत नाही.

भौतिकीमास्तर
पेठेतला, तुमची दोन्ही वर्षं बरोबर आहेत. पण त्या काळचे हंगामी अंदाज संख्याशास्त्रीय होते. मागच्या वर्षांचे परस्परसंबंध बघून समीकरण मांडायचं, अशी पद्धत. गिल्बर्ट वॉकर 1904 ते 1924 भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. त्यांनी मान्सूनचा माग काढताना प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला हवेच्या दाबाचा झोका शोधला, तिथून ही वाट सुरू झाली. समुद्र आणि हवा एकत्र चालवणारी मॉडेलं वापरून अंदाज देण्याचं काम 2012 मध्ये मान्सून मिशन सुरू झाल्यावर खरं जोमात आलं, आणि त्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. अशा मॉडेलला सुरुवातीला आजचा समुद्र द्यावाच लागतो. तो चुकीचा दिला तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आणि केंद्रांचं म्हणाल तर महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं उभी आहेत. ती हवीतच, विम्यासाठी तर हवीतच. पण मंडळात पाऊस पडल्यावर ती बोलतात. पुढच्या पंधरवड्याचं त्यांना विचारून भागत नाही.

दोनापावला
मोजमाप नसलं की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1982 चं. त्या वर्षी प्रशांत महासागरात शतकातल्या मोठ्या एल निन्योंपैकी (विषुववृत्ताजवळचं तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापतं, आणि आपल्याकडे पाऊस बहुधा घटतो) एक वाढत होता आणि ऑक्टोबरपर्यंत बडे शास्त्रज्ञ म्हणत होते की यंदा एल निन्यो नाही. कारण? मेक्सिकोत एल चिचोन ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या धुराळ्यामुळे उपग्रहांना समुद्र गार दिसत होता आणि पाण्यात मोजणारं फारसं काही नव्हतं. त्या फजितीतून विषुववृत्तावर सत्तरच्या आसपास बोयांची साखळी उभी राहिली, ती 1994 च्या अखेरीस पूर्ण झाली. 1997 चा एल निन्यो त्या बोयांनी पावलापावलाने दाखवला.

आता गंमत बघा. 1997 चा एल निन्यो एवढा मोठा, तरी भारतात पाऊस 102 टक्के. सगळे चक्रावले. दोन वर्षांनी, 1999 मध्ये, साजी आणि यामागाता यांच्या गटाने आपल्या हिंदी महासागराचा स्वतःचा झोका दाखवून दिला: पश्चिमेकडे पाणी तापतं, सुमात्राकडे गार पडतं. तोच इंडियन ओशन डायपोल. 1997 ला तो जोरात होता, आणि त्याने आपला पाऊस बहुधा सावरला. म्हणजे आपल्या दारातल्या समुद्राकडे न बघता फक्त प्रशांतकडे बघितलं तर मान्सूनचा अर्धाच हिशेब लागतो.

यारानदीकाठी
मेलबर्नहून लिहितेय. हाच डायपोल इथे उलटा लागतो. 2019 ला तो फार तीव्र होता. भारतात त्या वर्षी 110 टक्के पाऊस आणि इथे कोरडं ठक्क रान. त्या उन्हाळ्यात आगी पेटल्या तेव्हा आमच्या अंगणातल्या टेबलावर रोज राख साचायची. माझे वडील फोनवर म्हणायचे, इकडे पाऊस थांबत नाही गं. एकाच समुद्राची दोन टोकं आम्ही बाप-लेक जगत होतो.

द्राक्षबाग_निफाड
2019! ताई, ते वर्ष विसरणार नाही. ऑक्टोबर संपताना अरबी समुद्रात क्यार, त्याच्यामागे महा, दोन चक्रीवादळं एकाच वेळी. छाटणी होऊन घड बाहेर पडलेले आणि पाऊस हटेना. डावणी आली. ट्रॅक्टर चिखलात रुतायचा म्हणून पाठीवर पंप घेऊन रात्री फवारणी केली. अरबी समुद्र असा का तापतोय हे कुणी मोजत असेल तर माझा त्याला पाठिंबा.

हर्णैची_पोर
मासेमारांच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. माझे आजोबा तांडेल (बोटीचे प्रमुख) होते. 2009 च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा आमची बोट बाहेर होती. आई आणि काकू दोन रात्री बंदरावर बसून. आमची बोट आली, शेजारच्या आळीतली एक नाही आली. तेव्हा निरोप पोचलाच नव्हता. आता लाटांचा अंदाज मोबाइलवर येतो, वाऱ्याचा येतो, मासळी कुठे सापडेल तेही येतं. बाबा निघायच्या आधी लाटेची उंची बघतात आणि आकडा पटला नाही तर खलाशांची समजूत काढून बोट बंदरात ठेवतात. हे पंधरा वर्षांपूर्वी घडलं नसतं. रत्नागिरीसमोर लाटा मोजणारा बोया आहे, त्याचाच हा उपयोग.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूखाली मासळी जमते. त्यामुळे बोया दिसला की बोटी त्याच्याजवळ जाळं टाकतात, काही जण त्यालाच दोरी बांधतात. जाळं अडकलं की सेन्सर तुटतो. माझ्या चुलतभावाने एकदा एका बोयावरचा सोलर पॅनेल काढून आणला होता, घरात दिवा लावायला. आजोबांना कळलं तेव्हा त्यांनी जेवण सोडलं. "वाटेवरचा दिवा विझवून घरात लावलास," एवढंच म्हणाले. पॅनेल बंदर कार्यालयात नेऊन दिला. हे सगळ्या किनाऱ्यांवर होतं, सगळ्या देशांच्या बोटी करतात. पण आपण करू नये.

दोनापावला
ताई, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. वादळात तुटलेल्या बोयांपेक्षा माणसाने मोडलेल्यांचं दुःख आम्हाला जास्त होतं. तो परत उभा करायचा तर जहाज पाठवावं लागतं आणि जहाजाचा एकेक दिवस लाखोंचा. बोया बसवणं एकदाचं काम, खरी परीक्षा तो राखण्यात. प्रशांतातल्या त्याच साखळीची देखभाल करणारं जहाज 2012 मध्ये काढून घेतलं, तर दोन वर्षांत तिथून मिळणारी माहिती निम्म्याच्याही खाली आली.

जुनाखलाशी
राखण्यावरून आठवलं. हिंदी महासागरातही 2004 पासून बोयांचं जाळं विणताहेत, रामा नावाचं. मूळ योजना 46 बोयांची. पण सोमालियासमोरच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, कारण चाचे. 2010-11 ला आम्ही एडनच्या आखातातून जायचो तेव्हा रेलिंगभर काटेरी तार, रात्री सगळे दिवे बंद, ब्रिजवर दुप्पट पहारा. अशा ठिकाणी बोया नांगरायला कोण थांबणार? आणि मान्सूनचा जोरकस वारा तर तिथूनच वळून आपल्याकडे येतो! शेवटी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या नौदलांनी आपल्या जहाजांवरून त्या भागात फ्लोट सोडले. बंदुकीच्या धाकामुळे पावसाच्या अंदाजात भोक पडतं हे तेव्हा कळलं.

सांजवात
अवांतर: मुंबईत अपोलो बंदरावर भरती-ओहोटी मोजायची नोंद 1878 पासूनची आहे. हिंदी महासागरातल्या सगळ्यात लांब नोंदींपैकी एक. मुलांना घेऊन गेटवेला जाते तेव्हा मी हे नेहमी सांगते. समुद्राची पातळी किती वाढली हे आज ठामपणे सांगता येतं, ते दीडशे वर्षांपूर्वीपासून कुणीतरी न चुकता आकडे लिहिले म्हणून.

पेठेतला
माहितीबद्दल सगळ्यांचे आभार, मास्तरांचा मुद्दा बराचसा पटला. पण उदगीरकरांच्या प्रश्नाचं थेट उत्तर अजून आलेलं नाही. त्यांचा प्रश्न हंगामाचा नाही, खंडाचा आहे. ऑगस्टात पाऊस दडी मारतो तेव्हा समुद्रात काय चालू असतं?

भौतिकीमास्तर
बरोबर पकडलंत. मराठवाड्याला ऑगस्टात पाऊस देतात ते बहुतेक करून बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे. ते तिथेच का जन्मतात? सुलोचना गाडगीळ (मूळच्या पुण्याच्या) आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवलं की समुद्राचं तापमान साधारण 28 अंशांच्या वर असेल तरच उंच ढगांचे समूह उभे राहतात. अरबी समुद्र मान्सूनच्या वाऱ्याने घुसळला जातो, खालचं गार पाणी वर येतं, जून-जुलैत तो निवतो. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती एवढं गोडं पाणी आणून ओततात की वर हलक्या पाण्याची साय धरते. ती साय वाऱ्याला सहज मोडत नाही, म्हणून पाणी तापलेलं राहतं. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी 2002 मध्ये या दोन समुद्रांचा उष्णतेचा जमाखर्च मांडून दाखवला.

आता खंड. ढग जाऊन ऊन पडलं की उपसागराचं पाणी काही दिवसांत अंश-दीड अंश तापतं, मग पुन्हा ढग उभे राहतात. पाऊस आणि वारा आला की पाणी निवतं. हे वर-खाली होणं आधीच्या नकाशांत फार पुसट दिसायचं. कारण साधे इन्फ्रारेड उपग्रह ढगांमधून पाणी बघू शकत नाहीत, आणि पावसाळ्यात तर ढगच ढग! 1998 च्या पावसाळ्यात आपल्या नांगरलेल्या बोयांनी ते सतत मोजलं, तेव्हा हे झोके किती मोठे आहेत ते नीट दिसलं. दादा, तुमच्या खंडाची नाडी अशी पाण्यात हात घालूनच कळते.

उदगीरकर
मास्तर, "गोड्या पाण्याची साय" हे वाचून उठून बायकोला सांगितलं. म्हणजे दुधावर साय धरली की खालची वाफ दडते, तसंच काहीतरी. क्षारता कशाला मोजतात हे पण आत्ता समजलं.

पण मग सगळं एवढं कळतं तर 2023 चा ऑगस्ट आधी का नाही सांगितला कुणी? हंगामाचा अंदाज 96 होता, झाला 94, म्हणजे कागदावर बरोबरच. आणि ऑगस्ट मात्र देशभर 36 टक्के तुटीचा, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा. आमचं पीक त्या एका महिन्यात गेलं.

भौतिकीमास्तर
दादा, इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. एप्रिलमध्ये बसून ऑगस्टचा खंड तारखेनिशी सांगणं आज शक्य नाही. दोन आठवडे आधी मात्र कल बराचसा सांगता येतो. हवामान खात्याचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो, पुढच्या दोन आठवड्यांचा. त्यात समुद्राची मोजमापं धरलेली असतात. आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला परभणीहून तुमच्या जिल्ह्यासाठी असतो. जूनमध्ये घाई करू नका, 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. ऑगस्टात गुरुवारी खंडाचा कल दिसला तर कोळपणी आणि संरक्षित पाण्याचं त्या आठवड्यातच ठरवा.

रानवारा
आमच्याकडे शेततळं आहे. 2023 ला एक पाणी फुलात दिलं, एकरी चार क्विंटल तरी हाताला लागलं. आधी कळलं असतं तर ते पाणी जुलैत उडवलं नसतं. त्यामुळे गुरुवारचं मी लिहून ठेवतोय. वर पेठेतल्यांना +१ दिला होता, तो अर्धा परत घेतो.

उदगीरकर
आमच्या विहिरीला ऑगस्टात दोन तासांचं पाणी असतं. ते कुठल्या तीन एकरांना द्यायचं एवढं जरी दहा दिवस आधी ठरवता आलं तरी खूप. या वर्षी गुरुवारचा अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी शेजारी वहीत लिहिणार आणि दिवाळीनंतर इथेच टाकणार, किती जुळलं किती नाही ते.

दोनापावला, एक विचारायचं राहिलं. पहाटे साडेचारला सोडला होता तो फ्लोट अजून आहे का?

दोनापावला
नाही. साडेचार वर्षं चालला. 163 वेळा वर आला. शेवटी श्रीलंकेच्या पूर्वेला होता, बॅटरी संपली आणि खाली गेला तो गेला.

उदगीरकर
मग त्याच्या जागी दुसरा सोडला की नाही?

दोनापावला
लगेच नाही जमलं, जहाज दुसऱ्या मोहिमेवर होतं. सात महिने ती जागा रिकामी होती. गेल्या फेब्रुवारीत सोडला. बुचं मी काढली, या वेळी तीनदा विचारणारा मी होतो.